आकडा उतरला नाही, अंकुशा

अंकुशा,

तुझं चुकत होतं. बाकीचं नंतर बोलू, पण हे आधी सांगून टाकतो. हे सांगायला मी उशीर केला आणि त्या उशिराचं काय झालं ते परवा सुनंदावहिनींच्या तोंडून ऐकलं.

प्रकाशाच्या पुढं जाणारं यान होणार नाही. त्याला लागणारी ऊर्जा कुणाच्या बापाकडं नाही. आकडा उतरला असं मी तुला तुझ्या खाटेशेजारी बसून सांगितलं, ते खोटं होतं. सपशेल खोटं.

आता तू म्हणशील, "सुध्या, गेलेल्या माणसाशीबी भांडतो का रं?" भांडतो. होतास तेव्हा शेवटी शेवटी भांडलो नाही, म्हणून आता भांडतो.

तेराव्याला तुझे बिडकीनचे पाहुणे मला विचारत होते, मास्तर, तुमची एवढी दोस्ती कशावरून? मी म्हणालो, एकाच वर्गात होतो. हे उत्तर देताना मला स्वतःचीच चीड आली. एका वर्गात तर पन्नास जण होते. आपली दोस्ती झाली ती सायकल स्टँडवर, तू माझी कॉलर धरलीस म्हणून. त्या दिवशी सरांनी फळ्यावर मांडलं होतं, की वस्तू प्रकाशाच्या वेगाजवळ जाते तसतशी तिला आणखी ढकलायला आणखी ऊर्जा लागते आणि त्या वेगाला पोचवायचं तर अनंत ऊर्जा लागेल. तू मागच्या बाकावरून उठून विचारलंस, "सर, अनंत म्हंजे साधारण किती?" सगळा वर्ग हसला. मी जास्तच हसलो. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "हसला का? आज नसंल म्हणून उद्या नसंल व्हय?" आणि आपलं भांडण सुरू झालं ते पस्तीस वर्षं पुरलं.

मी पुढं ज्युनियर कॉलेजात मास्तर झालो आणि दरवर्षी तेच वाक्य फळ्यावर लिहू लागलो. तू क्रांती चौकाजवळ बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान टाकलंस. रविवारी सकाळी तू अर्धं शटर उघडायचास. धंदा नसायचा, तू नरसाळं घेऊन एकेका बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकत बसायचास आणि मी समोरच्या स्टुलावर. वहिनी म्हणायच्या, लोक रविवारी देवाला जातात, ही दोघं भांडायला जातात.

तुझा राग कशावर होता हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी सांगत होतो, की सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा घेतला तरी उजेडाला तिथून यायला चार वर्षांच्या वर लागतात, आपल्या यानांना हजारो वर्षं लागतील, आणि बाकीचं आकाश तर विचारूच नकोस. तू नरसाळं खाली ठेवलंस. म्हणालास, "एवढं मोठं अंगण द्यायचं आन् फाटकाला कुलूप घालायचं? ही कुठली रीत?" मी म्हणालो, निसर्गाला रीतभात नसते. तू म्हणालास, "मग किल्ली असंल."

ती किल्ली तुला मोबाईलवर सापडली. तू धावतच माझ्या घरी आलास, मोटरसायकलचं स्टँडसुद्धा नीट लावलं नव्हतंस. "यान पळवायचंच नाय, सुध्या! जागाच पळवायची!" कुणीतरी गणित मांडलं होतं, की यानाभोवती जागेचाच एक फुगा करायचा, पुढची जागा आकसायची, मागची ताणायची, यान फुग्यात जागच्या जागी बसून राहील आणि फुगा प्रकाशाच्याही पुढं निघून जाईल. नियम मोडला नाही आणि कुलूपही उघडलं. मला ते माहीत होतं. मास्तर आहे मी. मी थंडपणे विचारलं, "आणि ऊर्जा?"

ऊर्जेचा पहिला हिशोब असा निघाला होता, की दिसणारं सगळं विश्व जाळलं तरी पुरणार नाही. दोन रविवार तू नुसतंच बॅटऱ्यांत पाणी टाकलंस. मग कुणीतरी फुग्याचा आकार बदलून बघितला, तर आकडा गुरू ग्रहाएवढ्या वस्तुमानावर आला. पुढं आणखी कुणी म्हणालं, एखाद्या गाडीएवढ्या वस्तुमानातही भागेल. तू सलीमभाईंना बोलावून पूर्ण चहा सांगितलास, कटिंग नाही. "उतरतोय बघ! विश्वावरून गुरूवर, गुरूवरून गाडीवर. थोडी कळ काढ, माझ्या दुकानात येतंय." मी सांगितलं, अरे गाडीएवढं वस्तुमान म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात आपल्या देशाची कित्येक वर्षांची वीज. तू म्हणालास, "मी दुकान टाकलं तवा जेवढी ताकद ह्या डब्यात होती, तेवढी आता मुठीत मावती. समद्या गोष्टी उतरत्यात, सुध्या. तूच तेवढा उतरत नाय."

मग मी माझा हुकमाचा एक्का काढायचो. ही साधी ऊर्जा नाही, ऋण ऊर्जा लागते. शून्याच्याही खालची. तशी मूठभरसुद्धा कुणी साठवलेली नाही. तू निर्लज्जपणे म्हणायचास, "बॅटरीलाबी ऋण टोक असतंच की." मी कपाळाला हात लावायचो. बी.एस्सी. झालेला माणूस असं बोलतो! एकदा चुकून मीच बोलून गेलो, की दोन पत्रे अगदी चिकटायच्या बेतात ठेवले तर मधल्या पोकळीत किंचित काहीतरी तसलं सापडतं, पण त्यानं मुंगीसुद्धा हलायची नाही. तू लगेच, "सापडतंय ना? बी हाय म्हंजे पीक येतंय." त्यानंतर कितीतरी रविवार ते एकच पालुपद. आणि निघताना सलीमभाई कप गोळा करत विचारायचे, "मास्तर, आज कौन जीता?" तू आतून ओरडायचास, "चालू है, सलीमभाई, चालू है!"

हे सगळं लिहिताना बरं वाटतंय, म्हणून लांबवतोय. पुढचं लिहायला हात धजत नाही.

तुझ्या पोटातल्या गाठीचं प्राचीला आधी कळलं. डॉक्टरांनी तिला आत बोलावून सांगितलं आणि तुला बाहेर बाकड्यावर बसवलं. जावयाशी, वहिनींशी बोलून त्या पोरीनं ठरवलं, बाबांना सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं. आपल्याकडं असंच करतात, मीही माझ्या वडिलांच्या वेळी असंच केलं होतं. माणूस ऐकूनच खचतो म्हणतात. वहिनींनी मला हर्सूलच्या तुमच्या घराच्या जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, "भाऊजी, फकस्त एक करा. नेहमीसारखं वागा. त्यांची नजर लई तिखट हाय."

आणि सगळे वागले रे नेहमीसारखे. वहिनी तुझ्या तंबाखूवरून रोज ओरडत होत्या, मग मोरीत जाऊन नळ सोडून रडत होत्या. प्राची तिच्या घरच्या इन्व्हर्टरची तक्रार घेऊन आली आणि तू तिला अर्धा तास झापलंस. कुणाचाही तोल गेला नाही. गेला तो माझा, मास्तरचा, ज्याला आयुष्यभर वाटत आलं की आपण भावनेच्या भरात काही बोलत नाही.

दुपार होती. तू गॅलरीतल्या खाटेवर पडला होतास, तिथून हर्सूल तलावाच्या बाजूचं मोकळं आभाळ दिसतं. तू हात वर करून आळस दिलास आणि तुझं घड्याळ मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेलं. ते मी बघितलं. नेमकं त्याच वेळी तू विचारलंस, "काय म्हणतोय आकडा? उतरला का आणखी?"

ह्याचं उत्तर ठरलेलं होतं. 'उतरून करतो काय, ऋण ऊर्जा तुझा सासरा देणार आहे का?' जिभेवर होतं. पण त्या घड्याळाकडं बघून मला ते बोलवेना. मी म्हणालो, "उतरला, अंकुशा. नवीन गणित आलंय. ऋण ऊर्जा लागतच नाही आता. साधी चालते, तीही थोडीच. तुझंच बरोबर होतं."

तू माझ्याकडं बघत राहिलास. मला वाटलं, आनंदानं बघतोयस.

"व्हय?"

"व्हय."

"म्हंजे होईल म्हणतो?"

"होईल की. का नाही होणार?"

तू घड्याळ परत मनगटावर आणलंस. मग आत हाक मारून वहिनींना म्हणालास, "अगं, मास्तरला चहा टाक. साखर जरा जास्त घाल, आज दमलाय तो." मी जिना उतरताना स्वतःवर खूश होतो, एवढा मूर्ख मी.

परतताना क्रांती चौकात आलो तर सलीमभाईंनी थांबवलं. दुकान बंद असल्यानं त्यांना तुझी खबर हवी होती. नेहमीच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "आज कौन जीता?" मी म्हणालो, "अंकुश जीत गया, सलीमभाई. मैंने मान लिया." त्यांच्या हातातली किटली तशीच राहिली. हळू आवाजात म्हणाले, "या अल्ला. इतनी तबियत खराब है उनकी?"

मी तिथून सटकलो. सलीमभाई हळवा माणूस आहे, काहीही बोलतो, असं मनाला समजावलं. जे चहावाल्याला एका वाक्यात कळलं ते तुला कळलं नसेल, असं मी कसं धरून चाललो? तुझ्या हुशारीचा मी पस्तीस वर्षं अपमान करत आलो होतो, त्यातलाच हा एक म्हणायचा.

त्यानंतरचे आपले रविवार आठव. एवढे मिळमिळीत रविवार आपण कधी काढले होते का? तू म्हणायचास, फुग्यातून किती दिवसांत पोचू? मी म्हणायचो, पोचू की, लवकरच. तू म्हणायचास, बरोबर नेऊ कुणाला? मी म्हणायचो, वहिनींना ने. दोघंही एकमेकांना हो ला हो. मी घड्याळाकडं बघून निघायचो, तूही थांबवायचा नाहीस. मला वाटायचं, औषधानं तुला गुंगी येते.

आणि मधल्याच एका रविवारी तूच म्हणालास, "पर सुध्या, त्या ऋण ऊर्जेचं काय? मला काय ते पटंना. न लागता कसं भागंल?"

माझी बाजू तू घेतलीस! माझाच हुकमाचा एक्का माझ्या हातात आणून ठेवलास आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिलास. मला फक्त उचलायचा होता. 'बरोबर बोललास, नाहीच भागत, मी थाप मारली' एवढं म्हणालो असतो तर आपली तिथल्या तिथं पुन्हा जुंपली असती. आणि मी काय बोललो? "अरे, बॅटरीलाही ऋण टोक असतंच की." तुझंच वाक्य. तू हसलास थोडंसं. मग कुशीवर वळलास.

दशक्रियेला पैठणला आलो होतो. मी कावळ्या-बिवळ्याला मानत नाही हे तुला माहीत आहे. पण पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले, तेव्हा मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं. म्हटलं, कावळा अडेल, लोक एकेक इच्छा विचारतील, प्राचीला सांभाळू, दुकान चालवू, वहिनींना एकटं सोडणार नाही. त्यानंही नाही आला की मी पुढं होऊन म्हणेन, 'अंकुशा, आकडा उतरला नाही.' गोदावरीच्या काठावर, सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणणार होतो. लाज सोडली होती.

कावळा लगेच आला. एक नाही, दोन. गुरुजी म्हणाले, आत्मा तृप्त आहे, मागं काही राहिलं नाही. लोक म्हणाले, भाग्याचं मरण. मला मात्र असा राग आला तुझा! काही राहिलं नाही? एवढं भांडण अर्ध्यावर टाकून गेलास आणि त्यात तुझा जीव जरासुद्धा अडकला नाही? मास्तर असून मी कावळ्यावर रुसलो.

मग परवाचा दिवस. मी वहिनींकडं गेलो होतो. त्या इन्व्हर्टरपुढं बसून बॅटरीची बुचं काढत होत्या, तुझ्यासारखंच नरसाळं लावून पाणी टाकत होत्या. मी थक्क झालो. घरच्या बॅटरीला तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. म्हटलं, वहिनी, हे कुठं शिकलात?

"त्यांनीच शिकवलं. ह्या चिन्हाच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाय म्हणले. दोनदा करून घेतलं माझ्याकडून." मग बूच फिरवता फिरवता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्यांना ठावं होतं, भाऊजी."

"काय ठाऊक होतं?"

"समदं. तुम्ही चहा पिऊन गेलात ना त्या दुपारी, तवाच मला जवळ बसवलं. म्हणले, सुनंदा, सुध्या हो म्हणला. कालेजापासून तो मला कधी हो म्हणला नाय. आता खरं सांग, किती दिस राह्यले?"

त्यांनी पुढचं बूच काढलं.

"मला खोटं बोलता आलं नाय. मी नुसती रडले, त्यांना कळलं. मग म्हणले, पोरीला सांगू नको मला कळलंय म्हणून, तिनं लई कष्टानं लपिवलंय. आन् सुध्याला तर बिलकुल नको. त्याला वाटंल, आपल्याच तोंडून गेलं."

मी विचारलं, "मग मला का सांगितलंत, वहिनी?"

त्या भडकल्या. "मी एकटीनं किती दिस सांभाळू? तुम्ही येता, तोंड पाडून बसता, कावळा लगेच आला म्हणून रुसता. मला वाटलं, ह्यांना कळू द्या एकदा. आन् कळलं ते काय वाईट झालं का? त्यांनी मला हे शिकवलं, पोरीला आठ दिस ठेवून घेतलं, बिडकीनला जाऊन शेताच्या बांधावर बसून आले. न कळता गेले असते तर ह्यातलं काय झालं असतं?"

वहिनींचं म्हणणं मला पटत नाही. मनाची समजूत म्हणून चांगलं आहे, पण पटत नाही. तुला कळलं ह्याचं मला एवढं नाही, अंकुशा. आज ना उद्या कळलंच असतं, तुझी नजर तिखटच होती. माझ्या जिवाला खातंय ते दुसरंच. तुला कळल्यावर तू माझ्यासमोर ते घेऊन एकटा बसलास. मी खोटं बोलत होतो आणि तू, मरणाच्या खाटेवर पडून, माझी थाप खरी मानल्याचं नाटक करत होतास, का तर मास्तरला वाईट वाटू नये. तू मला सांभाळत होतास. भीती वाटली असेल तुला. कुणाशी बोललास? माझ्याशी बोलता आलं असतं, पण मीच ते दार लावून घेतलं होतं. माझ्या दयेपेक्षा माझ्या शिव्या तुला जास्त हव्या होत्या, आणि मी त्याच दिल्या नाहीत.

त्याच बैठकीत वहिनींनी विचारलं, "भाऊजी, ते यान जाईल का हो कधी? खरं सांगा."

मी म्हणालो, "नाही, वहिनी. अंकुशाचं चुकत होतं."

त्यांनी शेवटचं बूच घट्ट केलं. फडक्यानं हात पुसले. "तुमचंच चुकत असंल. ते म्हणायचे, सुध्याला पुस्तकाच्या बाहेरचं दिसत नाय."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. वहिनी आत गेल्या चहा टाकायला.

एक गोष्ट मी वहिनींनाही सांगितलेली नाही. आपल्या शेवटच्या भेटीत मी निघालो तेव्हा तू मला दारातून परत बोलावलंस. आवाज पार बसला होता, मला वाकून ऐकावं लागलं. तू म्हणालास, "सलीमभाईनं विचारलं, कोण जितलं, तर काय सांगशील?"

मी म्हणालो, "तूच जिंकलास रे."

तू मान हलवलीस. नाही म्हणून. "असं नको सांगू. चालू हाय म्हण."

तेव्हा मी ते तापातलं बोलणं समजलो. तुझ्या कपाळावर हात ठेवून बघितला आणि निघून आलो.

आज रविवार. सकाळी दुकानापाशी गेलो होतो. शटर बंद आहे, प्राची पुढच्या महिन्यापासून उघडणार म्हणते. सलीमभाईंनी न विचारता चहा आणून दिला. मग रिकामा कप घेताना, फार जपून, जणू मला लागेल म्हणून, त्यांनी विचारलं, "मास्तर, आखिर में कौन जीता?"

मी म्हणालो, "चालू है, सलीमभाई."

तेव्हा ऐक. गाडीएवढं नाही, गोटीएवढं म्हणालास तरी ऋण ऊर्जा मिळायची नाही. मिळाली तरी साठवणार कशात, तुझ्या बॅटरीत? आणि साठवलीस तरी फुगा थांबवायचा कसा, हे कुणालाच माहीत नाही, तू कधी विचारलंही नाहीस. तुझं चुकत होतं, अंकुशा.

माझंही चुकलं. पण आधी तुझं.